गुन्हा मोजला कसा जातो: गुन्हेगारीशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासाचा अनुभव

विद्यापीठात प्रवेश न घेता गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्यायव्यवस्था यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला आज साधनांची वाण नाही. व्याख्याने, शोधनिबंध, न्यायालयांची जुनी दप्तरे, पोलिसांची आकडेवारी, तुरुंगांची माहिती असे बरेच काही घरबसल्या आणि बहुतांशी विनामूल्य मिळते. अडचण येते ती यांपैकी कशावर किती विसंबायचे हे ठरवताना. नोकरी सांभाळून मी गेली काही वर्षे हा अभ्यास करते आहे आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. या विषयातले सर्वांत मोलाचे शिक्षण मला आकडेवारीच्या मागे जोडलेल्या, सहसा कोणी न उघडणाऱ्या टिपणांतून मिळाले, ज्यांत कोणती घटना गुन्हा म्हणून धरली, ती किती वेळा मोजली आणि कोणती वगळली हे लिहिलेले असते. हे मत कसे बनत गेले आणि वाटेत कोणती साधने खरोखर उपयोगी पडली, ते येथे मांडते.

सुरुवात मी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने, म्हणजे यूएनओडीसीने, विद्यापीठांतील अध्यापकांसाठी तयार केलेल्या पाठांपासून केली. ‘एज्युकेशन फॉर जस्टिस’ या उपक्रमातील हे पाठ साधारण तीन तासांच्या वर्गासाठी आखलेले असून त्यांत विषयाची मांडणी, वाचनाची यादी, वर्गात करायचे उपक्रम आणि विचारायचे प्रश्न असे सगळे असते. पोलिसांचे उत्तरदायित्व, तुरुंगवासाला पर्याय, पीडितांचे हक्क, बालकांसाठीचा न्याय, सायबर गुन्हे, मानवी तस्करी अशा विषयांवरील पाठ मी क्रमाने वाचून काढले. कैद्यांना कसे वागवावे याविषयीचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम किंवा महिला कैद्यांविषयीचे २०१० चे बँकॉक नियम यांसारख्या आंतरराष्ट्रीय मापदंडांची ओळख व्हायला याहून सोपे साधन मला आढळले नाही. मात्र माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नावरच्या सिद्धांतांची बाजू या पाठांत तोकडी आहे. त्यासाठी मूळ लेखनाकडेच वळावे लागते. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये छळाविरुद्ध आणि देहदंडाविरुद्ध केलेली मांडणी हक्कमुक्त असल्याने इंटरनेट अर्काइव्हवर सहज मिळते आणि इतक्या काळानंतरही ती वाचताना तिची धार जाणवते. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला नित्यक्रमाचा सिद्धांत मात्र शोधनिबंधातूनच वाचला. गुन्हा करायला प्रवृत्त झालेला माणूस, योग्य लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी जुळून आल्या की गुन्हा घडतो, हे त्यांचे म्हणणे. पुढे नकाशे पाहताना हा सिद्धांत मला वारंवार उपयोगी पडला.

अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या संकेतस्थळामुळे. १६७४ पासून १९१३ पर्यंतच्या १,९७,७४५ खटल्यांचे छापील वृत्तांत तेथे मूळ पानांच्या प्रतिमांसह ठेवलेले आहेत. मजकुराचा बराचसा भाग दोन टंकलेखकांकडून स्वतंत्रपणे टंकून घेऊन, दोन प्रतींतला फरक संगणकाने शोधून तयार केलेला असल्याने शब्दशोध बऱ्यापैकी भरवशाचा आहे. गुन्ह्याचा प्रकार, निकाल, शिक्षा, आरोपीचे लिंग, वर्ष अशा कसोट्या लावून खटले वेगळे काढता येतात आणि त्यांची कोष्टकेही तिथल्या तिथे बनवता येतात.

अठराव्या शतकातले चोरीचे खटले वाचत असताना एक रक्कम सतत डोळ्यांपुढे येऊ लागली: ३९ शिलिंग. आरोपपत्रात चोरीच्या मालाची किंमत बरीच अधिक लिहिलेली असे, मालाचा मालक शपथेवर तीच किंमत सांगे, आणि ज्युरी मात्र आरोपीला ३९ शिलिंगांच्या चोरीपुरते दोषी ठरवी. कारण कायद्यात होते. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीची चोरी केल्यास देहदंड होता. किंमत एका शिलिंगाने कमी धरली की आरोपीचा जीव वाचे आणि त्याला बहुधा सागरापार पाठवले जाई. १८२७ मध्ये ही मर्यादा पाच पौंडांवर, म्हणजे १०० शिलिंगांवर नेण्यात आली आणि पुढच्या वृत्तांतांत ९९ शिलिंगांचे निकाल दिसू लागतात. चोरीच्या मालाची सरासरी किंमत काढून त्या काळातल्या चोऱ्यांविषयी निष्कर्ष काढू पाहणाऱ्याच्या हाती अशा वेळी चोऱ्यांविषयी फारसे लागत नाही. हाती लागते ती ज्युरीची दया. न्यायव्यवस्थेतले लोक आकड्यांवर स्वतःच्या विवेकाची मोहोर उमटवतात, हे मला जितके या निकालांवरून कळले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकावरून कळले नसते.

या साधनाच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्या लागतात. हे वृत्तांत मुळात विक्रीसाठी छापले जात. सुरुवातीच्या दशकांत एकेक खटला चार-सहा ओळींत उरकलेला आहे, आणि बचावाची बाजू अनेकदा गाळलेली असते. शिवाय खटला संपल्यावर माणसाचे काय झाले हे त्यांतून कळत नाही. ती उणीव ‘डिजिटल पॅनॉप्टिकॉन’ नावाच्या प्रकल्पाने काही अंशी भरून काढली आहे. १७८० ते १९२५ या काळात ओल्ड बेलीत शिक्षा झालेल्या सुमारे ९०,००० माणसांच्या नोंदी न्यायालय, तुरुंग, जहाजे आणि ऑस्ट्रेलियातील वसाहतींच्या दप्तरांतून एकत्र जोडून त्यांचे आयुष्य पुढे कसे गेले हे तेथे दाखवलेले आहे. या दोन संकेतस्थळांवर एकाच व्यक्तीचा माग काढत गेले की शिक्षा हा विषय कलमांपुरता राहत नाही.

जुन्या दप्तरांकडून आजच्या आकडेवारीकडे वळल्यावर मी आधी नियम वाचायचे आणि मग आकडे, असा क्रम ठरवून घेतला. अमेरिकेतील एफबीआय १९३० पासून देशभरातील पोलीस दलांकडून गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करत आली आहे. तिच्या जुन्या पद्धतीत उतरंडीचा एक नियम होता: एकाच घटनेत दरोडा आणि खून दोन्ही घडले, तर खून तेवढा मोजायचा. भारताच्या नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या वार्षिक अहवालातही याच धर्तीचा नियम आहे; एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक कलमे असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच गणतीत येतो. अशा नियमामुळे वर्षानुवर्षांची तुलना सोपी होते हे खरे, पण कमी गंभीर ठरवलेले गुन्हे आकडेवारीतून कायमचे नाहीसे होतात हेही तितकेच खरे. एफबीआयच्या नव्या पद्धतीत एका घटनेतले दहापर्यंत गुन्हे नोंदवता येतात, आणि पीडित, आरोपी, त्यांचे परस्परसंबंध, वापरलेले शस्त्र अशी माहितीही जोडलेली असते. मात्र २०२१ मध्ये केवळ नव्या पद्धतीतील नोंदी स्वीकारायच्या असे ठरले, तेव्हा हजारो पोलीस दलांची तयारी झालेली नव्हती. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे आकडेही त्या वर्षीच्या संकलनात आले नाहीत. ‘क्राइम डेटा एक्स्प्लोरर’ या संकेतस्थळावर आलेख काढताना रेषा २०२१ पाशी येते तेव्हा हे ठाऊक नसेल, तर त्या वर्षाविषयी वाटेल ते बोलता येते, आणि तसे बोललेही गेले आहे.

पोलिसांच्या दप्तरात जे आलेच नाही त्याचे काय, हा प्रश्न मग आपोआपच येतो. त्यासाठी पीडितांची सर्वेक्षणे असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणात निवडलेल्या घरांतील बारा वर्षे आणि त्यापुढील वयाच्या सर्वांना दर सहा महिन्यांनी, साडेतीन वर्षांपर्यंत, त्यांच्याबाबतीत घडलेल्या गुन्ह्यांविषयी विचारले जाते. हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याहून कमी पोलिसांपर्यंत पोहोचतात, हे त्यातून वारंवार दिसून आले आहे. इंग्लंड आणि वेल्समधील असेच सर्वेक्षण १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्याची प्रश्नावली, पद्धतीविषयीचे अहवाल व कोष्टके सर्वांना खुली आहेत. दोन्ही सर्वेक्षणे घरांवर आधारलेली असल्यामुळे रस्त्यावर राहणारी माणसे आणि कैदी त्यांतून निसटतात; म्हणजे ज्यांना गुन्ह्याची झळ सर्वाधिक बसण्याचा संभव, त्यांतलेच बरेच जण मोजणीबाहेर राहतात.

इंग्लंडच्या सर्वेक्षणाच्या पद्धतीविषयीचे टिपण वाचताना मी एका नियमापाशी बराच काळ थांबले. एकाच व्यक्तीवर, एकाच माणसाकडून, एकाच प्रकारचा गुन्हा वारंवार होत असेल, तर अशा मालिकेतील घटना जास्तीत जास्त पाच धरायच्या, असा तो नियम होता. वर्षभरात तीस वेळा मारहाण झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रीच्या खात्यावर पाच घटना पडत. उरलेल्या पंचवीस अंदाजात येतच नसत. नियम करणाऱ्यांचे कारणही समजून घेण्यासारखे होते. नमुन्यात अशी मोठ्या संख्येची उत्तरे देणारी थोडी माणसे एखाद्या वर्षी जास्त आली आणि दुसऱ्या वर्षी कमी आली, तर देशाचा आकडा उगाच वरखाली होतो आणि गुन्हेगारी वाढली की घटली हे सांगता येईनासे होते. पण स्थिर आकडा मिळवण्यासाठी जे कापले जात होते ते नेमके घरगुती हिंसेचे स्वरूप होते, कारण वारंवार होणे हेच तिचे लक्षण आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ सिल्व्हिया वॉल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कमाल मर्यादा काढून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा हिंसक गुन्ह्यांची एकूण संख्या बरीच वाढली आणि त्या वाढीत स्त्रियांवरील व ओळखीच्या माणसांकडून होणाऱ्या हिंसेचा वाटा मोठा असल्याचे दिसले. पुढे २०१९ मध्ये पाचाची मर्यादा बदलण्यात आली आणि जुन्या वर्षांचे अंदाजही नव्याने काढले गेले. अमेरिकेच्या सर्वेक्षणात ही मर्यादा दहा आहे. एक टिपण, एक शोधनिबंध आणि बदलानंतरचे कोष्टक ही तीनही साधने समोर ठेवून मी ही गोष्ट समजून घेतली, आणि ती तिन्ही इंटरनेटवर उपलब्ध असणे हीच मला या अभ्यासातली सर्वांत मोठी सोय वाटते. एखाद्या संख्येमागे कोणाचा अनुभव गेला आणि कोणाचा राहिला, हे शोधण्याची मुभा पूर्वी फार थोड्या लोकांना होती.

इंग्लंडच्या याच सर्वेक्षणात फसवणूक आणि संगणकाचा गैरवापर यांविषयीचे प्रश्न २०१५ पासून जोडले गेले. पूर्ण वर्षाचे अंदाज पहिल्यांदा जानेवारी २०१७ मध्ये आले, तेव्हा एकूण गुन्ह्यांचा आकडा जवळपास दुप्पट दिसला, कारण आधी विचारलेच न गेलेले आता विचारले गेले होते. पोलिसांच्या नोंदींची स्थितीही तेथे तपासली गेली आहे: जानेवारी २०१४ मध्ये त्या आकडेवारीचा राष्ट्रीय सांख्यिकीचा दर्जा, म्हणजे भरवशाची अधिकृत आकडेवारी ही मान्यता, काढून घेण्यात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोलीस निरीक्षणालयाने, पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदवलेच जात नसल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. आपल्याच आकड्यांतले दोष इतक्या उघडपणे मांडणारी व्यवस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

देशादेशांची तुलना करण्याचा मोह या अभ्यासात फार लवकर होतो आणि त्याला आवर घालावा लागतो. स्वीडनमधील बलात्काराच्या नोंदींचे प्रमाण अनेक देशांहून कितीतरी अधिक दिसते. तेथील गुन्हे प्रतिबंध परिषद, ब्रो, आपल्या संकेतस्थळावर याची कारणे इंग्रजीतूनही समजावून सांगते. तेथे प्रत्येक कृत्य स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदले जाते, त्यामुळे पत्नीने वर्षभर चाललेल्या अत्याचाराची तक्रार केली तर एका तक्रारीतून अनेक गुन्हे नोंदले जाऊ शकतात. नोंद तक्रारीच्या वेळीच होते आणि तपासात पुढे काही वेगळे निघाले तरी आकडा तसाच राहतो. शिवाय कायद्यातील व्याख्या व्यापक आहे आणि २०१८ पासून ती संमतीवर आधारलेली आहे. जिथे एका तक्रारीचा एकच गुन्हा होतो किंवा तक्रार करायलाच भीती वाटते, अशा देशाचा आकडा त्याशेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. व्याख्यांचा हा गोंधळ कमी व्हावा म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सांख्यिकीसाठी गुन्ह्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले. त्याची पुस्तिका मी संदर्भासाठी नेहमी जवळ ठेवते, कारण कोणता प्रकार कशात मोडतो आणि कशात मोडत नाही हे तिच्यात उदाहरणांसह दिलेले आहे.

त्यातल्या त्यात तुलनेला चालणारा गुन्हा म्हणजे खून. मृत्यू लपवणे अवघड असते, आणि पोलिसांच्या नोंदींना आरोग्य खात्याच्या मृत्यूच्या कारणांच्या नोंदींचा ताळा घालता येतो. यूएनओडीसीच्या २०२३ च्या जागतिक अभ्यासानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ४,५८,००० हेतुपुरस्सर मनुष्यवध झाले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे ५.८. हा अहवाल आणि त्यामागची कोष्टके दोन्ही विनामूल्य उतरवून घेता येतात. अर्थात येथेही एक सूक्ष्म गुंता आहेच: जखमी माणूस वेळेत शस्त्रक्रियागृहात पोहोचला तर तोच हल्ला खुनात मोडत नाही, त्यामुळे तातडीची वैद्यकीय सेवा सुधारली की हिंसा तेवढीच राहूनही खुनांचा आकडा उतरू शकतो.

तुरुंगांसाठी लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक संस्थेतील संशोधन केंद्राकडून चालवला जाणारा ‘वर्ल्ड प्रिझन ब्रीफ’ हा संग्रह मी वापरते. प्रत्येक देशाचे एक पान, त्यावर कैद्यांची संख्या, लाख लोकसंख्येमागचे प्रमाण, स्त्री कैद्यांचा वाटा, तुरुंगांची क्षमता आणि निकाल न लागलेल्या कैद्यांचा वाटा, अशी त्याची रचना आहे. जगात कोणत्याही दिवशी १ कोटी १० लाखांहून अधिक माणसे कैदेत असतात. एल साल्वाडोरमध्ये हे प्रमाण लाखामागे हजाराच्याही वर गेलेले आहे. भारताच्या पानावर मात्र माझे लक्ष एकूण प्रमाणाकडे गेले नाही. तेथे ते प्रमाण जगाच्या मानाने कमीच आहे, पण कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे खटला संपण्याची वाट पाहणारी आहेत. शिक्षेचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाला शिक्षा झालेलेच कैदी अल्पसंख्य आढळावेत, ही गोष्ट मनाला लागते.

नकाशांचा मोह आकड्यांहूनही मोठा असतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या पोलिसांच्या खुल्या संकेतस्थळावर गल्लीपातळीपर्यंतचे गुन्हे दर महिन्याला प्रसिद्ध होतात आणि क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत ते नकाशावर मांडता येतात. मी एका शहराचे असे काही महिने मांडून पाहिले, तेव्हा वाहनतळ आणि मोठ्या दुकानांपाशी ठिपक्यांचे दाट पुंजके दिसले. त्यांचे स्पष्टीकरण देणारे पान त्याच संकेतस्थळावर आहे. पीडितांची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा त्याच्या खऱ्या जागेवर न दाखवता आधीच ठरवलेल्या जवळच्या बिंदूवर नेला जातो, आणि रस्त्याच्या मध्यासारख्या अशा प्रत्येक बिंदूच्या परिघात किमान आठ टपाली पत्ते असावेत किंवा एकही नसावा असा दंडक असतो. म्हणून ‘या वाहनतळावर किंवा त्याच्या आसपास’ एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ. हे नीट लक्षात ठेवले तर नकाशा उपयोगाचाच आहे. गुन्हे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, हे १९८९ मध्ये गुन्हेगारीशास्त्रज्ञ शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात दाखवले होते. पोलिसांना येणाऱ्या मदतीच्या निम्म्याहून थोड्या अधिक हाका अवघ्या तीन टक्के ठिकाणांहून येत होत्या. तो निष्कर्ष वाचणे आणि तसाच गठ्ठा स्वतः मांडलेल्या नकाशावर उमटलेला पाहणे यांत फार अंतर आहे.

काय केल्याने गुन्हे कमी होतात, या प्रश्नासाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या कॅम्बेल कोलॅबोरेशनचे पद्धतशीर आढावे वाचावेत. एकेकट्या अभ्यासावर न विसंबता एका प्रश्नावरचे सर्व दर्जेदार प्रयोग शोधून त्यांचा एकत्रित निष्कर्ष हे आढावे देतात आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत. माझ्यावर सर्वाधिक परिणाम झाला तो ‘स्केअर्ड स्ट्रेट’ प्रकारच्या कार्यक्रमांवरील आढाव्याचा. वाकड्या वाटेला लागलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन, जन्मठेपेच्या कैद्यांकडून तेथील आयुष्याची भीती घालायची, हा या कार्यक्रमांचा गाभा. कल्पना ऐकणाऱ्याला चटकन पटते, खर्चही कमी येतो. परंतु अमेरिकेत १९६७ ते १९९२ या काळात झालेल्या नऊ प्रयोगांचा आढावा असे सांगतो की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी, न गेलेल्या मुलांपेक्षा पुढे अधिक गुन्हे केले. काहीच न करणे मुलांच्या हिताचे ठरले असते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसचे ‘क्राइमसोल्यूशन्स’ हे संकेतस्थळ कार्यक्रमांना परिणामकारक, आशादायक किंवा परिणामशून्य असे शेरे देते. पटकन शोध घ्यायला ते सोयीचे आहे, पण शेऱ्यावर न थांबता खाली दिलेला पुरावा वाचल्याशिवाय मी त्याचा हवाला देत नाही.

शोधनिबंध मिळवणे हा वेगळाच व्याप आहे. बरीच नियतकालिके सशुल्क आहेत. गूगल स्कॉलरवर शीर्षक शोधून त्याच्या सर्व आवृत्त्या पाहिल्या की अनेकदा लेखकाने विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली प्रत सापडते; अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचे साधन हेच काम आपोआप करते. गुन्हेगारीशास्त्रापुरता २०२० मध्ये सुरू झालेला क्रिमआर्काइव्ह हा खुला संग्रह आहे, आणि जुन्या अहवालांसाठी अमेरिकेच्या न्याय खात्याचे एनसीजेआरएसचे ग्रंथालय आहे, जिथे सत्तरच्या दशकापासूनचे सरकारी अहवाल सारांशासह मिळतात. काहीच साधले नाही तर लेखकाला थोडक्यात ईमेल लिहावा. मला बहुतेकांनी आनंदाने प्रत पाठवली. भेट देणाऱ्यांच्या मतांवरून शहरांच्या सुरक्षिततेची क्रमवारी लावणारी संकेतस्थळे आणि खऱ्या खुनांच्या रंजक कथा सांगणाऱ्या मालिका मात्र मी अभ्यासातून पूर्णपणे बाजूला ठेवल्या. विरळा घडणारे गुन्हे त्यांत रोजचे वाटू लागतात आणि नेहमीचे गुन्हे दिसतच नाहीत.

पुढची पायरी म्हणजे मूळ विदा, म्हणजे कच्चा डेटा, स्वतः हाताळणे. मिशिगन विद्यापीठातील आयसीपीएसआरमध्ये १९७८ पासून फौजदारी न्यायविषयक विदेचा राष्ट्रीय संग्रह आहे. नोंदणी केली की त्यातले पुष्कळ संच उतरवता येतात आणि आर ही मुक्त संगणक भाषा शिकून त्यांवर काम करता येते. प्रत्येक संचाबरोबर येणारी, त्यातल्या स्तंभांचे अर्थ सांगणारी संकेतपुस्तिका शेकडो पानांची असते आणि ती आधी वाचावीच लागते. सरावासाठी मी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये खुला केलेला, फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीचा संच निवडला. आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीचे हजारो आरोपींना मिळालेले गुण आणि त्यांचे पुढचे दोन वर्षांतले वर्तन त्यात आहे. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही, अशा कृष्णवर्णीयांना धोकादायक ठरवले जाण्याचे प्रमाण तशाच श्वेतवर्णीयांच्या जवळपास दुप्पट होते, हा वृत्तसंस्थेचा निष्कर्ष हिशेबात बरोबर निघतो. सारखे गुण मिळालेल्या दोन्ही गटांतील माणसे पुढे साधारण सारख्याच प्रमाणात पकडली गेली, हे प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणेही हिशेबात बरोबर निघते. दोन गटांत पुन्हा गुन्हा नोंदला जाण्याचे मूळ प्रमाण वेगळे असेल तर न्यायाच्या या दोन कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत, हे पुढे संशोधकांनी गणिताने दाखवले. माझे लक्ष मात्र संकेतपुस्तिकेतल्या एका स्तंभावर अडले होते: पुन्हा गुन्हा केला असे जेथे म्हटले आहे, तेथे प्रत्यक्षात पोलिसांनी पुन्हा गुन्हा दाखल केल्याची नोंद मोजलेली आहे. ज्या वस्तीत गस्त जास्त, तेथे पकडले जाण्याची शक्यताही जास्त. म्हणजे प्रणालीचा अंदाज आणि तो खरा ठरला की नाही हे तपासण्याची फूटपट्टी, दोन्ही पोलिसांच्या त्याच कामातून आलेल्या आहेत. हा मुद्दा कितीही गणित केले तरी सुटत नाही; तो मोजणीच्या पहिल्याच पायरीवर ठरून गेलेला असतो.

सध्या मी चुकीने दोषी ठरवल्या गेलेल्या आणि पुढे निर्दोष सुटलेल्या माणसांच्या अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदवहीवर काम करते आहे. १९८९ पासूनची तीन हजारांहून अधिक प्रकरणे तेथे आहेत आणि प्रत्येकापुढे कारणे लिहिलेली आहेत: साक्षीदाराने चुकीची ओळख पटवणे, खोटा कबुलीजबाब, खोटी साक्ष, सदोष न्यायवैद्यक पुरावा, अधिकाऱ्यांचे गैरवर्तन. प्रकरणांचे वृत्तांत पूर्ण वाक्यांत, तारखांसह दिलेले असल्याने कोष्टकातून माणसाकडे आणि माणसाकडून परत कोष्टकाकडे जाता येते. यातही कोणती प्रकरणे येऊ शकत नाहीत याचा विचार करावा लागतो. डीएनए तपासता येईल असा पुरावा बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणांत राहण्याचा संभव अधिक. लहानशा चोरीत चुकीने शिक्षा झालेला माणूस ती भोगून केव्हाच बाहेर आलेला असतो आणि त्याच्यासाठी वकील कोणी लावत नाही. त्यामुळे नोंदवहीत गंभीर गुन्ह्यांचा भरणा आहे. किरकोळ गुन्ह्यांत कबुली देऊन तडजोड करणाऱ्यांपैकी किती जण निर्दोष असतात याचा माग कोणत्या साधनांतून लागू शकेल, हा माझा सध्याचा शोध आहे. त्यासाठी काही शहरांतील अमली पदार्थांच्या प्रकरणांचे प्रयोगशाळा अहवाल शिक्षेनंतर आले आणि त्यामुळे शिक्षा रद्द झाल्या, अशा प्रकरणांचे गट मी नोंदवहीतून वेगळे काढते आहे.